सतरा गाण्यांतले क्वीन

१९५८ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गाणारा होता ब्रूस मरे. साथीला डेरिक ब्रँच, फरंग इराणी आणि व्हिक्टरी राणा. पियानोवर झांझिबारहून शिकायला आलेला, पुढचे दात बाहेर असलेला एक लाजाळू पारशी मुलगा, फारोख बलसारा. एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ऐकायची आणि जमतील तशी वाजवायची, एवढाच त्यांचा कारभार. पुढे इराणी पुण्यात सिझलरच्या हॉटेलामुळे नावारूपाला आला, ब्रँच इंग्लंडात नट झाला, राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. ज्याला तेव्हा कुणी मुख्य गायक केले नाही तो फारोख फ्रेडी मर्क्युरी झाला. त्यातले 'फ्रेडी' हे नाव पाचगणीच्या शाळासोबत्यांनीच ठेवलेले.

रत्नागिरीहून चिपळूण, पोलादपूर करत आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि तिथून पाचगणी हाकेच्या अंतरावर. तरीही मर्क्युरी ज्याचा गायक होता तो क्वीन हा बँड कोकणातल्या वाचकाला भेटतो तो या वाटेने नाही. मोठा झाल्यावर मर्क्युरीने मुलाखतींत पाचगणीचा किंवा हिंदुस्थानाचा विषय फारसा निघू दिला नाही. बहुतेकांची क्वीनशी पहिली गाठ पडते ती २६ ऑक्टोबर १९८१ रोजी ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनातून. त्याचे नाव 'ग्रेटेस्ट हिट्स'. मुखपृष्ठावरचे चौघांचे छायाचित्र लॉर्ड स्नोडन यांनी काढलेले. सोबतच 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही चित्रफीत आणि 'ग्रेटेस्ट पिक्स' हे छायाचित्रांचे पुस्तकही बाजारात आले. एकाच मालाचा तीन वाटांनी खप करण्याची ही युक्ती त्या काळी नवी होती आणि ती चांगलीच लागू पडली.

किती लागू पडली? ब्रिटनच्या इतिहासात सर्वाधिक खपलेला अल्बम बीटल्सचा नाही, क्वीनचे हे संकलन आहे. २०१४ साली त्याने साठ लाखांचा टप्पा गाठला आणि जुलै २०२२मध्ये, स्ट्रीमिंगचा हिशेब धरून, सत्तर लाखांचा. इथवर आधी कुठलाच अल्बम पोचला नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर 'अॅबा गोल्ड' आहे आणि तेही संकलनच.

संकलनाकडे नाक मुरडणारी जमात मोठी आहे. खरा रसिक मूळ अल्बम ऐकतो आणि हिट गाण्यांचा गठ्ठा घाईत असलेल्यांसाठी असतो, अशी तिची ठाम समजूत. मराठी माणसाला मात्र हा प्रकार परका वाटू नये. 'मानापमान' रंगभूमीवर आले १९११ साली. त्यातली पदे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी ते नाटक पाहिले आहे? पदे आधी तबकड्यांवरून घरोघर गेली, मग आकाशवाणीवरून. 'खल्वायन'सारख्या संस्थेने संगीत नाटकाची आवड जागती ठेवलेल्या रत्नागिरीतसुद्धा, आधी पद कानावर पडले आणि नाटक नंतर पाहिले, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. पद नाटकाबाहेर पडून एकटे जगू शकते की नाही, ही त्याच्या चालीची परीक्षा असते. क्वीनची गाणी या परीक्षेत सहज उतरतात.

शिवाय त्या काळचा व्यवहार होता. ऐंशीच्या दशकात आखाती देशांतून कोकणात परतणाऱ्यांच्या सामानात जपानी टू-इन-वन हमखास असे. एकाची कॅसेट दहा घरांत फिरे आणि तिच्या नकला निघत. 'ग्रेटेस्ट हिट्स'ची लांबी तासाच्या किंचित आत. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ते आख्खे मावते. इंग्रजी गाण्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्याला आठ-दहा अल्बम परवडण्यासारखे नव्हतेच.

आता आत काय आहे ते पाहू. ब्रिटिश आवृत्तीत सतरा गाणी आहेत आणि ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. सुरुवात १९७५च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने आणि शेवट १९७७च्या 'वी आर द चॅम्पियन्स'ने. पहिल्याच गाण्यात पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांत संथ बॅलड, ऑपेराची नक्कल आणि कर्कश रॉक असे सगळे येऊन जाते. रेडिओवर तीन मिनिटांचे गाणे चालते असे मानणाऱ्यांनी हे गाणे फार लांब ठरवले होते. केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर ते पुन्हा पुन्हा वाजवले आणि पुढे ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

या बँडमधले चौघेही गाणी रचत आणि चौघेही शिकलेले. गिटारवादक ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. त्याने अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ साली पुरी केली. त्याची गिटार त्याने वडिलांबरोबर घरीच बनवलेली, तीही शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला. मर्क्युरी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला आणि चौघांच्या राशी गुंफून बँडचे बोधचिन्ह त्यानेच काढले. दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स.

हे चौघे सतरा गाण्यांत कसे वाटले गेले आहेत? दहा गाणी मर्क्युरीची, पाच मेची, दोन डीकनची. टेलरचे एकही नाही! हे संकलन ऐकून क्वीनची ओळख करून घेणाऱ्याला बँडमधला एक रचनाकार दिसतच नाही. त्याचे 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' हे गाणे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला होते. त्यामुळे तबकडीच्या खपावरचे मानधन त्यालाही मर्क्युरीइतकेच मिळाले आणि त्यावरून बँडमध्ये बरीच कुरबुर झाली. १९८४च्या 'रेडिओ गा गा' या आपल्या गाण्यानिशी टेलर पुढे आला, तेव्हा हे संकलन निघून दोन वर्षे उलटून गेली होती.

दुसरी पोकळी अधिक खटकते. १९७३चा 'क्वीन' हा पहिला अल्बम ब्रिटिश संकलनात नाहीच. त्यातले 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत आले नव्हते आणि इथे निवड झाली ती प्रामुख्याने खपावर. अमेरिकी आवृत्तीत ते गाणे आहे, शिवाय डेव्हिड बोवीबरोबरचे 'अंडर प्रेशर'ही आहे. त्याच पहिल्या अल्बममध्ये 'माय फेअरी किंग' नावाचे मर्क्युरीचे गाणे आहे. त्यातल्या 'मदर मर्क्युरी' या संबोधनावरूनच फारोख बलसाराने हे आडनाव घेतले, असे ब्रायन मे यांनी सांगितले आहे. म्हणजे वलसाडचे नाव सांगणारे 'बलसारा' हे आडनाव ज्या गाण्यापाशी गळून पडले ते गाणे या ओळखपत्रात नाही. १९७८च्या 'जॅझ' अल्बमची सुरुवात करणारे 'मुस्तफा'ही नाही. अरबी-फारसी वळणाचे, अजानीसारखा सूर लावून सुरू होणारे हे गाणे झांझिबारच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसालाच सुचले असावे, असे वाटत राहते. 'जॅझ'मधली तीन गाणी संकलनात घेतली, हे मात्र घेतले नाही. दाभोळच्या बंदरातून गलबते अरबस्तान-आफ्रिकेकडे जात होती आणि इथले कोकणी मुसलमान पार केपटाउनपर्यंत जाऊन वसले. त्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या श्रोत्याला 'मुस्तफा' कदाचित 'किलर क्वीन'पेक्षा लवकर पटेल.

लता मंगेशकरांचा आवाज हा मर्क्युरीच्या शाळकरी वयातल्या संस्कारांपैकी एक होता, असा उल्लेख त्याच्यावरच्या लेखनात वारंवार येतो. तो मानावा, पण ताणू नये. त्याच्या गाण्यात हरकती-मुरक्या शोधत बसणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

बँड प्रभावशाली होता असे म्हणायचे तर तो कुणावर, हेही विचारले पाहिजे. १९७४च्या 'शिअर हार्ट अटॅक'मध्ये 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे सव्वादोन मिनिटांचे सुसाट गाणे आहे. मेटालिका या बँडने ते पुन्हा वाजवले आणि १९९१ साली त्यासाठी ग्रॅमी मिळवले. संकलनात ते नाही. १९७५चे 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मैफलींत मर्क्युरी थांबायचा आणि ते गाणे प्रेक्षकच गायचे. हिट गाणी बँडला श्रोते मिळवून देतात. पुढचे वादक मात्र बऱ्याचदा यादीबाहेरच्या गाण्यांतून शिकतात.

तरी 'वी विल रॉक यू'पुढे ही तक्रार लंगडी पडते. गाण्याचा जवळजवळ सगळा डोलारा पाय आपटणे आणि टाळ्या यांवर उभा आहे. मोजक्या माणसांनी केलेला तो आवाज ब्रायन मेने वेगवेगळ्या अंतरांचे विलंब देऊन हजारोंचा केला. भौतिकशास्त्राचा गाण्यात इतका थेट उपयोग क्वचित झाला असेल. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीवर 'लाइव्ह एड' या मैफलीत क्वीनला वीसेक मिनिटे मिळाली. त्यात वाजवलेल्या सहा गाण्यांपैकी चार याच संकलनातली होती.

'ग्रेटेस्ट हिट्स'चा दुसरा भाग २८ ऑक्टोबर १९९१ रोजी आला आणि २४ नोव्हेंबरला मर्क्युरी गेला. निवडीचा खेळ मात्र संपलेला नाही. लहान मुलांच्या एका श्राव्य उपकरणासाठी २०२३ साली हेच संकलन निघाले, तेव्हा त्यातून 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' वगळले गेले आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांना चार दिवस पुरेल असा विषय मिळाला.

सतरा गाणी आवडली तर पुढे काय ऐकावे? 'शिअर हार्ट अटॅक' आधी, कारण त्यात कठोर रॉक आणि नाटकी नखरा हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. मग 'अ नाइट अॅट द ऑपेरा', तो मात्र सलग, मध्ये न थांबता. 'जॅझ' पहिल्या गाण्यासाठी. आणि १९८०चा 'फ्लॅश गॉर्डन' सोडून दिला तरी चालेल. ते एका सिनेमाचे पार्श्वसंगीत आहे आणि त्यातले ऐकण्याजोगे गाणे 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये आधीच आलेले आहे.