ध्यानाला बसलं की मन भटकतं? मग मेंदूत नेमकं काय होतं, समजून घ्या

सुकापूर (ता. पनवेल) : डोळे मिटून बसलं की दोन मिनिटांत मन कर्जाच्या हप्त्यावर नाहीतर पोरांच्या फीवर जातं. ‘आपल्याला ध्यान जमत नाही’ म्हणत अनेक जण उठतात. पण मन भटकलं हे लक्षात येणं आणि ते पुन्हा श्वासावर आणणं, हाच खरा सराव. इगतपुरीच्या धम्मगिरीतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही पहिले तीन दिवस फक्त श्वासावरच लक्ष ठेवायला शिकवतात.

आपण रिकामे असताना मेंदूचे काही भाग ‘माझं काय होणार’ याच विचारात फिरत राहतात. २०११ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासात अनुभवी साधकांचे हे भाग ध्यानात शांत झालेले दिसले. मात्र आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, हा दावा २०२२ च्या मोठ्या अभ्यासात टिकला नाही.

मग फायदा काय? राग येतोय हे तोंडून शब्द जाण्याआधीच कळायला लागतं. सुरुवातीला रोज दहा मिनिटं पुरे.

मात्र ध्यान म्हणजे औषध नव्हे. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.