पहिला घोट आणि जिन्याखालचा मुलगा

यकृताला सूज आलेला अडतीस वर्षांचा एक रुग्ण तिसऱ्यांदा माझ्याकडे आला होता. दारू सोडण्याची शपथ त्याने दोनदा घेतली आणि दोनदा मोडली होती. "रोज किती घेता?" हा नेहमीचा प्रश्न झाला. मग सहज विचारले, "पहिल्यांदा कधी घेतलीत?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चौदाव्या वर्षी, डॉक्टर. वडील पिऊन आले की आईला मारायचे. मी जिन्याखाली लपायचो. एकदा त्यांच्याच बाटलीतली थोडी प्यालो. त्या रात्री गाढ झोप लागली."

व्यसनी माणसाला आपण 'संगतीने बिघडला' किंवा 'मनाचा कच्चा' म्हणून मोकळे होतो. परंतु पुष्कळदा या व्यसनाचे मूळ बालपणापर्यंत पोचते. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अपमान, लैंगिक छळ, आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन असे प्रश्न त्यात होते. पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी असे चार किंवा अधिक प्रकार सोसले होते, त्यांना मद्यासक्ती, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे काहीच न सोसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट आढळला.

असे का होते? सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाचे शरीर कायम सावध राहते. छाती धडधडते, झोप सावध लागते. दारू ही धडधड काही तास शांत करते. पण उतरल्यावर बेचैनी आणखी वाढते, झोप मोडते आणि मग पुन्हा प्यावेसे वाटते. मुलाला वाटते औषध सापडले. प्रत्यक्षात तो फास असतो.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. मात्र, वाचकहो, असे बालपण गेलेला प्रत्येक जण दारुडा होतो असे मुळीच नाही. मायेने विचारपूस करणारे एक जरी मोठे माणूस लाभले, तरी मुलाला मोठा आधार मिळतो. मग ती आजी असो, मामा असो वा शाळेतल्या बाई.

आता माझी चूक सांगतो. त्याच रुग्णाचा नऊ वर्षांचा मुलगा पोटदुखीसाठी माझ्याकडे येत असे. मी दोनदा जंताचे औषध दिले. 'घरी कसे चालले आहे?' हे विचारले नाही. त्या दिवशी तो बाहेर बाकावर नखे कुरतडत बसला होता.

मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, शाळेच्या वेळी पोट दुखू लागले, अभ्यासात एकाएकी मागे पडले, फार भांडू लागले किंवा अगदी गप्प झाले, तर छडी उगारू नका. जवळ बसवा आणि ऐकून घ्या. घरात कोणी पीत असेल, तर "यात तुझा काही दोष नाही" हे त्याला स्पष्ट सांगा. मुले दोष स्वतःकडे घेतात. घरात मारहाण होत असेल, तर आधी माय-लेकरांची सुरक्षितता पाहा.

रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकदम बंद करू नये; थरथर, झटके येऊ शकतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करावी. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो; ही सेवा २०२२ साली सुरू झाली.

माझ्या रुग्णाने बाहेर जाऊन मुलाला आत आणले. म्हणाला, "डॉक्टर, आता याचेही ऐका." त्या दिवशी मी मुलाला गोळी दिली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "बाळा, रात्री झोप लागते का?"