मंगळवारी न चालणारा प्रिंटर

बारावीचा निकाल लागला की नांदेडच्या सेतू केंद्रांवर उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी गर्दी होते. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या झेरॉक्सच्या दुकानांतही तेच. नेमका तेव्हाच प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो. केबल काढून घातली की चालतो, दुपारी पुन्हा बंद. मेकॅनिक येतो, ड्रायव्हर नव्याने टाकतो, पैसे घेऊन जातो. बिघाड राहतोच, कारण तो कधी होतो हे कोणी पाहिलेलेच नसते.

केबलचेच घ्या. विंडोज यूएसबी प्रिंटरला त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखते. काही प्रिंटर हा क्रमांक सांगतच नाहीत. मग ओळख पोर्टवरून ठरते. घाईत केबल शेजारच्या पोर्टात गेली की तोच प्रिंटर नवा समजला जातो आणि यादीत त्याच नावापुढे 'कॉपी 1' लागते. डीफॉल्ट मात्र जुनाच राहतो. दाखले त्या रिकाम्या पोर्टाच्या रांगेत साचत जातात, आणि केबल योगायोगाने मूळ जागी आली की सगळे एकापाठोपाठ बाहेर पडतात. यात ड्रायव्हरचा काहीच दोष नसतो.

कधी दोष खरोखरच ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो. जून 2020 मध्ये विंडोज 10 च्या काही आवृत्त्यांत असा घोळ मायक्रोसॉफ्टने मान्य केला. कॉम्प्युटर बंद असताना प्रिंटरही बंद केला, तर पुन्हा सुरू करताना यूएसबीचा प्रिंटर पोर्ट यादीतून गायब व्हायचा. तात्पुरता उपाय होता आधी प्रिंटर सुरू करण्याचा. रात्री बोर्डावरचे सगळे स्विच बंद करून जाणाऱ्या दुकानदाराचा अख्खा दिवस सकाळी आधी कोणते बटण दाबले यावर ठरायचा!

उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे 2009 मधले प्रकरण तर फार शिकवणारे आहे. एका वापरकर्त्याच्या पत्नीची तक्रार होती, की मंगळवारी प्रिंट निघत नाही. ती खरी निघाली. छपाईच्या फाइलवर तारीख असते. फाइलचा प्रकार ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधल्या एका चुकीच्या नियमामुळे, तारखेत मंगळवारची इंग्रजी अक्षरे आली की ती एर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल ठरायची आणि छापलीच जात नसे. त्या बाईंनी वार लक्षात ठेवला नसता, तर तपास प्रिंटरभोवतीच फिरत राहिला असता.

म्हणून प्रिंटरजवळ एक वही हवी: वेळ, पोर्ट, आधी काय सुरू केले, लाइट गेली होती का. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये छपाईची सविस्तर नोंद मुळात बंद असते. ती सुरू करून ठेवली, तर वहीतली वेळ तिथल्या वेळेशी पडताळून प्रिंट कुठे अडली ते शोधता येते.