न दिसणाऱ्या किरणांची मोजदाद : बिंबाभ्रिका आणि तीव्र जंबुपार प्रारण

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या उत्तरार्धात आपले बाह्य थर अवकाशात टाकून देतो. उरलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो आणि बिंबाभ्रिका दिसू लागते. लहान दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी भासते. या साम्यावरूनच विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकात तिचे नामकरण केले. ग्रहांशी तिचा वास्तविक संबंध काहीच नाही.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन आहे. बिंबाभ्रिकेच्या मध्यवर्ती ताऱ्याचे ३० हजारांपासून २ लाख केल्व्हिनपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक असते. तारा जितका तप्त, तितका त्याच्या ऊर्जेत तीव्र जंबुपार प्रारणाचा, म्हणजे साधारण १० ते ९१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांचा, वाटा मोठा. परंतु ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉन मुक्त करतात आणि त्यातच शोषले जातात. हायड्रोजन तर बिंबाभ्रिकेतही आहे आणि ताऱ्यांमधील अवकाशातही. त्यातून निसटलेले किरण पृथ्वीचे वातावरण अडवते.

त्यामुळे या पट्ट्यात सूर्यमालेपलीकडचे काही दिसणारच नाही, असे १९५९ मध्ये लॉरेन्स ॲलर यांनी मांडले होते. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेतील दुर्बिणीने एचझेड ४३ हा श्वेत बटू तारा टिपला आणि हा समज मोडला. पुढे १९९२ ते २००१ या काळात ‘नासा’च्या ईयूव्हीई उपग्रहाने शेकडो स्रोत नोंदवले. तरीही हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या बहुतेक बिंबाभ्रिकांचे तारे हायड्रोजनाच्या पडद्याआडच राहिले.

मग त्यांचे तापमान कळते कसे? डच शास्त्रज्ञ हर्मन झान्स्ट्रा यांनी १९२७ मध्ये दाखवलेली वाट आजही उपयोगी पडते. मुक्त झालेला इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. वायू पुरेसा दाट असेल, तर शोषलेल्या प्रत्येक जंबुपार फोटॉनमागे अखेरीस बामर श्रेणीचा एक फोटॉन बाहेर पडतो. या श्रेणीच्या प्रमुख रेषा दृश्य प्रकाशात असल्याने त्या मोजता येतात. म्हणजेच अदृश्य किरणांची संख्या कळते. तिची ताऱ्याच्या दृश्य प्रकाशाशी तुलना केली की तापमान निघते. ज्या वायूने किरण अडवले, तोच त्यांचा हिशेब देतो.

मात्र वायू विरळ असल्यास काही किरण निसटतात आणि उत्तर खरे तापमान कमी दाखवते. अशा वेळी आयनित हेलियमच्या रेषांवरून पडताळणी करतात. दोन्ही उत्तरांतील तफावत ही केवळ त्रुटी नसते. किती प्रारण निसटले, याचाही ती अंदाज देते. अप्रत्यक्ष पुरावा विश्वासार्ह ठरतो तो त्यामागील गृहीतके तपासल्यावरच, हे वर्गात समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.