बॉस्टनमध्ये गोष्ट गोळीपर्यंत कशी गेली?

५ मार्च १७७०च्या रात्री अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात पाच माणसं गेली. पुस्तकांत ‘बॉस्टनचं हत्याकांड’ म्हणून ही घटना दोन ओळींत आटोपते, आणि ती एकाएकी घडली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शहर तिथवर पायरी-पायरीने आलं होतं. त्या पायऱ्या आपण क्रमाने पाहू, म्हणजे पाय कुठे मागे घेता आला असता तेही दिसेल.

पहिली पायरी : कर

१७६३मध्ये ब्रिटनने फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. अमेरिकेतल्या फौजेचा खर्च तिथल्या वसाहतींनी, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या तिथल्या प्रांतांनी, काही प्रमाणात उचलावा म्हणून १७६५मध्ये मुद्रांक कायदा झाला. स्टँप पेपर आपल्या ओळखीचा आहे. तिथे तसा शिक्क्याचा कागद दस्तऐवजांनाच नव्हे, तर वर्तमानपत्रांना आणि पत्त्यांच्या कॅटालाही सक्तीचा झाला.

इथे वाचणाऱ्याची हमखास गल्लत होते. कर फार जड होता म्हणून लोक चिडले, असं आपण धरून चालतो. त्यांचा मूळ आक्षेप हक्काचा होता. लंडनच्या पार्लमेंटमध्ये आपण निवडून दिलेला एकही माणूस नाही, मग आपल्यावर कर बसवणारे ते कोण, असा त्यांचा सवाल होता.

दुसरी पायरी : रस्ता

१४ ऑगस्ट १७६५ रोजी मुद्रांकांसाठी नेमलेले अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा एका झाडाला फासावर लटकलेला दिसला. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर फोडून लुटलं. १७६६मध्ये कायदा मागे घेतला गेला.

दोन्ही बाजूंनी यातून उलटसुलट धडे घेतले. दांडगाई केली की कायदा हटतो, असं लोकांना वाटलं. आपला धाक कमी पडला, असं सरकारला वाटलं.

तिसरी पायरी : फौज

१७६७मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर नवी जकात बसली. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला. जून १७६८मध्ये जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं ‘लिबर्टी’ जहाज जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलं, तेव्हा दंगल उसळली. मग १ ऑक्टोबर १७६८ रोजी लाल डगल्यातल्या पलटणी बॉस्टनच्या धक्क्यावर उतरल्या.

शहर लहान होतं, वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजारांची. परका शत्रू समोर नसताना आपल्याच गल्लीत फौज कशाला, हा प्रश्न प्रत्येक घरात शिरला.

चौथी पायरी : रोजची कुरबुर

मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच वगळली जाते. पहारेकरी नागरिकांना हटकत, नागरिक त्यांना शिव्या देत. सैनिकाचा पगार तुटपुंजा, त्यामुळे पाळी संपली की तो कमी मजुरीत मिळेल ते काम धरी. गावातल्या मजुराच्या पोटावर पाय येई. २ मार्च १७७० रोजी जहाजांचे दोर वळणाऱ्या एका कारखान्यात याच कारणावरून कामगार आणि सैनिक दांडक्यांनी भिडले.

त्याआधी २२ फेब्रुवारीला जकात खात्याच्या एका माणसाने घरावर दगड मारणाऱ्या जमावावर गोळी झाडली होती. त्यात ख्रिस्तोफर सायडर हा साधारण अकरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक चालले. शहर सुतकात असताना ५ मार्च उजाडला.

पाचवी पायरी : ती रात्र

जमिनीवर बर्फ होतं. किंग स्ट्रीटवर जकात कचेरीसमोर ह्यू व्हाइट हा एकटा शिपाई पहाऱ्याला होता. केसांचे टोप बनवणाऱ्याकडे काम शिकणारा एक पोरगा एका अधिकाऱ्याला थकलेल्या बिलावरून टोमणे मारत होता. व्हाइटने त्याला बंदूक हाणली आणि लोक जमू लागले. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. ती आग लागल्याची खूण असे, म्हणून आणखी माणसं धावली.

कॅप्टन थॉमस प्रेस्टन सात सैनिक घेऊन व्हाइटच्या मदतीला आला. बर्फाचे गोळे, कालवांच्या शिंपा, लाकडं यांचा मारा सुरू झाला. एक सैनिक फटका बसून पडला, उठला, आणि त्याने चाप ओढला. मग इतरांनीही.

सहावी पायरी : गोळी सुटली कशी?

त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात जमावावर फौज चालवायची तर आधी मुलकी दंडाधिकाऱ्याने, म्हणजे लष्कराबाहेरच्या न्यायाधिकाऱ्याने, पांगण्याची आज्ञा वाचून दाखवायची असे. लोकांना हे ठाऊक होतं. सैनिकांना गोळी घालता येणार नाही, या भरवशावर ‘फायर, फायर’ असं काहीजण डिवचून ओरडत होते. आगीची आरोळीही तीच आणि गोळीचा हुकूमही तोच. त्या गलक्यात कोणता शब्द कुणाचा, हे कुणालाच धड सांगता आलं नाही.

क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी, दोर वळणारा सॅम्युअल ग्रे आणि जेम्स काल्डवेल जागीच गेले. सतरा वर्षांचा सॅम्युअल मॅव्हरिक दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पॅट्रिक कार काही दिवसांनी मरण पावला.

सातवी पायरी : न्यायालय

हंगामी गव्हर्नर हचिन्सन यांनी त्याच रात्री सज्जातून न्यायाचं वचन दिलं. काही दिवसांत पलटणी शहरातून काढून बंदरातल्या बेटावरच्या किल्ल्यात हलवल्या. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्स यांनी, जे स्वतः पार्लमेंटच्या करांचे विरोधक होते आणि पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रेस्टन सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्हा, शाबित झाला आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला.

आठवी पायरी : चित्र

खटल्याच्या कितीतरी आधी पॉल रिव्हिअर यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र छापून विकलं होतं. त्यात सैनिक ओळीने उभे राहून हुकुमासरशी गोळ्या झाडताना दिसतात, समोर निःशस्त्र लोक. दांडकी नाहीत, गोंधळ नाही. आजही पुष्कळ पुस्तकांत हेच चित्र असतं. ते पाहताना आपण लक्षात ठेवावं, की हा पुरावा नव्हे, एका बाजूचं म्हणणं आहे.

आणि युद्ध?

या गोळीबारातून युद्ध थेट पेटलं, हा शेवटचा गैरसमज. चहा सोडून बाकीची जकात उठली, फौज बेटावर गेली, आणि बॉस्टन जवळपास तीन वर्षं बरंच शांत राहिलं. १६ डिसेंबर १७७३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या कराच्या विरोधकांनी बंदरात रिकाम्या केल्यावर सरकारने १७७४मध्ये बंदर बंद केलं आणि पलटणी पुन्हा शहरात आणल्या. मार्च १७७५मध्ये इकडे राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करत होते. पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, बॉस्टनहून दारूगोळा जप्त करायला निघालेल्या तुकडीची लेक्सिंग्टन गावात लोकांशी गाठ पडली. आठ गावकरी पडले, आणि युद्ध सुरू झालं.

फौज बेटावर होती ती शांत वर्षं आणि ती शहरात परतल्यानंतरचं एक वर्ष, दोन्ही आपण शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. पाय मागे घेता येत होता. एकदा घेतलाही होता.