गुरगुरण्याआधी कुत्रा काय सांगतो?

पशुवैद्यांच्या दवाखान्यात बाकाखाली अंग चोरून बसलेल्या कुत्र्याकडे जरा नीट पाहा. समोर खाऊ नसतानाही तो जिभेने नाक चाटत असतो. झोप आलेली नसते, तरी जांभया देतो. तोंड भिंतीकडे पण नजर दाराकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. शेपूट पोटाखाली गेलेली असते. नंबर लागतो, त्याला उचलून टेबलावर ठेवतात आणि तो गुरगुरतो. लगेच मालकाची चापट बसते: "गप! डॉक्टर आहेत ना!"

ही चापट धोकादायक आहे. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या या इशाऱ्यांची शिडीच मांडली आहे. सर्वांत खाली जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. त्यावर मान फिरवणं, दूर सरकणं, शेपूट पायांत घालणं, मग ताठरून टक लावणं. गुरगुरणं येतं त्यानंतर आणि चावा अगदी वरच्या पायरीवर. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेल्या कुत्र्याची भीती तशीच राहते, तो फक्त गुरगुरायचं सोडतो. पुढच्या वेळी एक पायरी गाळून थेट चावतो आणि घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

कारण असतंच. धोका जाणवला की मेंदूतल्या अमिग्डला या भागातून इशारा जातो, अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतात, हृदय जोरात धडधडू लागतं. अशा वेळी प्राण्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात: पळणं, थिजून जाणं किंवा लढणं. गळ्यात पट्टा, पायाखाली घसरडं स्टीलचं टेबल आणि चहूबाजूंनी हात, म्हणजे पळायची वाट बंद. दवाखान्यातले बहुतेक "रागीट" कुत्रे खरं तर भ्यालेले असतात.

त्यात वासांची भर पडते. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक असतात. घाबरलेल्या कुत्र्याच्या गुदग्रंथींतून स्राव सुटतो. आधीच्या कुत्र्याची भीती अशी टेबलावर राहून गेलेली असते. मालकाची भीतीही लपत नाही. इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भ्यालेल्या आणि आनंदी माणसांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला. भीतीच्या घामाने कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, अस्वस्थता वाढली.

भीतीमुळे तपासणीही फसते. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, घाबरल्यावर ते वाढू शकतं. रक्तदाब आणि रक्तातली साखरही चढते. पोट दुखतंय म्हणून अंग आखडलंय की भीतीने, हे डॉक्टरांना हाताने कळेनासं होतं.

यावरचा उपाय शंभर वर्षं जुना आहे. घंटेचा आवाज आणि खाणं यांची सांगड कुत्र्याच्या मनात बसते, हे रशियात इव्हान पावलोव्ह यांनी दाखवलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी ते भीतीवर वापरलं. सशाला घाबरणारा पीटर नावाचा मुलगा आवडीचं खात असताना ससा दूर ठेवला आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर त्याच्याशी खेळू लागला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज कुत्र्यांसाठीही वापरतात.

घरी सुरुवात तोंडाच्या जाळीपासून करा. जाळी पिंजऱ्यासारखी हवी, म्हणजे कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं आणि खाऊही घेता येतो. कापडी पट्टीने तोंड आवळून ठेवलं तर आपल्या उकाड्यात त्याला अंग थंड करता येत नाही. जाळीच्या तळाला आतून घट्ट दही लावा आणि ती हातात धरून थांबा. नाक त्याने स्वतःहून आत घालायचं, चाटायचं, हवं तेव्हा बाहेर काढायचं. बंद मागून बांधण्याची वेळ काही दिवसांनी येते, तेही आधी दोन क्षणांपुरतंच.

कान उघडून पाहणं, पंजा धरणं, मानेवरची कातडी चिमटीत घेणं यांचाही सराव असाच करा. क्रम मात्र पाळा: स्पर्श आधी, चिकनचा तुकडा लगेच नंतर. उलट केलं तर चिकन दिसताच तो सावध होतो. आवडता तुकडाही नाकारला, तर आपण घाई केली असं समजून एक पाऊल मागे या.

जायच्या आधी डॉक्टरांना फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा. नंबर येईपर्यंत बाहेर थांबता येईल का, तेही विचारा. घरची रबरी चटई टेबलावर अंथरली की पाय घसरत नाहीत. शक्य असेल तर जमिनीवरच तपासायची विनंती करा. अधूनमधून नुसतं वजन करायला आणि खाऊ खायला दवाखान्यात जाऊन या. सुई टोचल्या दिवशीच नखं कापणं किंवा अंघोळ घालणं नको. ताणाचे परिणाम उतरायला वेळ लागतो.

सरावाने भागलं नाही तर औषध घेण्यात कमीपणा नाही. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन अशी औषधं भेटीच्या साधारण दोन तास आधी देतात. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, घरातल्या माणसांच्या गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत. आणि एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला, तर दुखणं शोधा. कानाचा संसर्ग, दात, सांधे यांपैकी काहीही असू शकतं. लस न घेतलेल्या कुत्र्याच्या वागण्यात असा बदल दिसला, तर त्याला हात न लावता आधी डॉक्टरांना कळवा. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन रुग्णालय गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचणं जवळपास अशक्य असतं.

"तो कुणाला हात लावू देत नाही" म्हणून किती तरी घरांत वर्षाची लस राहून जाते आणि लहान दुखणी मोठी होईपर्यंत झाकली जातात. कुत्र्याची भीती हेही एक दुखणंच आहे. डॉक्टरांना पहिल्या फोनवरच ते सांगा, म्हणजे उपचार तिथूनच सुरू होतील.