आठ रुपये साऱ्याचा मतदार

निवडणूक जवळ आली की करमाळ्यात चहाच्या टपरीवर, कधी आमच्या शिक्षककक्षातही, एक वाक्य हमखास कानावर येते : "सेहेचाळीस साली तुमच्याच लोकांनी लीगला मते दिली होती ना?" बोलणारा बहुधा दोस्तच असतो, चेष्टेत बोलतो. आपली तरुण पोरे मात्र ते ऐकून गप्प बसतात, कारण त्या निवडणुकीचे त्यांना काहीच माहीत नसते. पाठ्यपुस्तकात स्वतंत्र मतदारसंघांवर दोन-चार ओळी येतात आणि धडा पुढे सरकतो. म्हणून तो जुना मतदारसंघ काय होता आणि त्यात मत कोणाला होते, हे घरातल्या मुलामुलींना नीट सांगायला हवे.

1906 मध्ये आगाखानांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटो यांना भेटले. 1909 च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. 1916 च्या लखनौ करारात काँग्रेसनेही ते मान्य केले, ही गोष्ट आज सोयीने विसरली जाते. पुढे 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा ठरल्या. त्यांपैकी 29 मुसलमानांच्या आणि 1 मुस्लिम स्त्रीची. करमाळा तालुका तेव्हाही सोलापूर जिल्ह्यातच होता आणि जिल्हा मुंबई प्रांतात.

आता याचा गावातला अर्थ पाहा. एकाच गल्लीत दोन याद्या. शेजारचा पाटील सर्वसाधारण यादीत, आपला माणूस मुस्लिम यादीत. पाटलाला मुस्लिम उमेदवाराला मत देता येत नसे आणि आपल्याला पाटलाच्या उमेदवाराला. सगळ्या प्रांतात मिळून अवघ्या 29 जागा, त्यामुळे एकेका मुस्लिम मतदारसंघाचा पसारा प्रचंड असे. करमाळा सोलापूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. जेऊरला आगगाडी होती खरी, पण उमेदवाराने खेड्यातल्या चार-दोन मतदारांसाठी तिथून पुढे बैलगाडी जोडावी, अशी अपेक्षा कोण करणार?

आणि मतदार होते तरी किती? खेड्यात मत हवे तर साधारणपणे किमान 8 रुपये शेतसारा असलेली जमीन मालकीने किंवा कुळाने हाती असावी लागे. नाहीतर ठरावीक भाड्याचे घर, किंवा मॅट्रिकची परीक्षा पास झालेली असावी. 8 रुपये आज विनोद वाटेल. पण करमाळ्याची जमीन बहुतेक जिरायत, पावसाच्या भरवशाची. अशा जमिनीला सारा कमी, म्हणजे 8 रुपये भरायचे तर रान बरेच मोठे हवे. आपल्याकडे ते कोणाकडे होते? आतार अत्तर-सुरमा विकणार, तांबोळी पाने, बागवान भाजी-फळे, पिंजारी गावोगाव कापूस पिंजत हिंडणार. मुलाण्याकडे थोडी वतनाची जमीन असे. मॅट्रिक झालेला माणूस तर गावात शोधावा लागे. स्त्रियांना लिहिता-वाचता येण्याची वेगळी अट होती. शिवाय जास्त मालमत्ता असलेल्याची पत्नी किंवा निवृत्तिवेतन मिळणारी सैनिकाची विधवा वा आई यांनाही मत होते. म्हणजे आमच्या-तुमच्या पणजीचे नाव त्या यादीत असण्याची शक्यता फारच थोडी.

1937 मध्ये मुंबई प्रांतात लीगला 20 जागा मिळाल्या. 1946 मध्ये सगळ्याच, तिसांपैकी तीस. हा आकडा लपवू नये. ज्यांना मत होते, त्यांतल्या फार मोठ्या संख्येने लीगला कौल दिला. मात्र मतदानाच्या अटी तेव्हाही 1935 च्याच होत्या. आतार, पिंजारी, शेतमजूर आणि बहुतेक सगळ्या बाया यादीबाहेर होत्या. ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांच्या नातवंडांकडे त्या मताचा हिशेब मागणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. टपरीवर एवढे शांतपणे सांगता आले तरी पुरे.

याच काळात तालुक्याच्या पूर्वेला परंड्यात राहणारे आपले सोयरे निजामाची प्रजा होते. या प्रांतिक निवडणुकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईनंतर तिथे निजामाची सत्ता संपली आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे दोन्हीकडचे व्याही एकाच विधानसभेचे मतदार झाले.

स्वतंत्र मतदारसंघ घटना समितीने ऑगस्ट 1947 मध्ये रद्द केले. मद्रासचे पोकर साहेब यांनी ते राहावेत म्हणून दुरुस्ती मांडली होती, ती फेटाळली गेली. राखीव जागा ठेवण्याचे तेव्हा ठरले होते, पण मे 1949 मध्ये त्याही गेल्या. त्या चर्चेत बेगम ऐजाज रसूल, एकेकाळच्या लीगच्याच, राखीव जागांच्या विरोधात बोलल्या : अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील, असा त्यांचा मुद्दा होता. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांचे मत नेमके उलट. दोघेही याच देशात राहिले. आमचा कल बेगमसाहेबांकडे आहे. मतासाठी आपल्या दारात यावे लागणारा उमेदवार फक्त आपल्याच समाजाचा असू नये.

याची किंमत मोजावी लागली, हेही खरे. तेव्हा 175 मध्ये 30 मुस्लिम आमदार होते. 2024 च्या विधानसभेत 288 मध्ये 10 निवडून आले. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता मत मागायला आला तर त्याच्यासमोर हे दोन आकडे जरूर ठेवा.

राज्यघटनेच्या कलम 325 ने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच यादी केली. धर्म, जात किंवा लिंगावरून कोणाचे नाव गाळता येत नाही. कलम 326 ने 21 वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिले. पुढे ते वय 18 झाले. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशभर 17 कोटींवर मतदार होते. तरी सुमारे 28 लाख बायांची नावे यादीतून गळाली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले होते. आपल्याकडेही अजून काही घरांत सूनबाईंचे नाव माहेरच्याच यादीत पडून असते. लग्न होऊन चार वर्षे झाली तरी.